पडद्यांवाचून सूर

भातकापणीनंतर जव्हार-मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या डोंगराळ मुलखात, वारल्यांचा तारपा घुमतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि न तुटणारा श्वास! वादकाच्या मनात आले की चाल बदलते, आणि तिच्यामागून फेराची पावलेही.

असेच मनाला येईल ते सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत सुझन अल्कॉर्न (१९५३–२०२५) पेडल स्टील गिटारवर वाजवीत असत. पायाने तारांचा ताण बदलायचा, हाताने पोलादी कांडी सरकवायची. तिला अडविणारे पडदे नाहीत.

मग हा सूर स्वैर म्हणावा काय? वस्तुतः पडदे नसले की कानावरचा भार वाढतो. तारपेवाल्याच्या श्वासावर तर कितीजणांची पावले विसंबलेली! मन मानेल तसे वागण्याची मुभा असताना दुसऱ्याच्या पावलाचे भान राखावे, हेच खरे स्वातंत्र्य नव्हे काय?