रानडुकराच्या मागे कुठवर जावे?

फलटण तालुक्याच्या दक्षिणेला महादेव डोंगराची रांग, ताथवड्याचा संतोषगड आणि त्याखालची माळराने. उत्तरेला नीरा आणि तिच्या उजव्या कालव्यावर वाढलेला ऊस. अशा मुलखात रानडुकराला लपायला आडोसा आणि खायला पीक, दोन्ही मिळते. म्हणून त्याची शिकार करावी का, आणि करायची तर कुठे, हा प्रश्न गावोगाव निघतो. वनखात्याची जमीन, गायरान, पडीक माळ हे सगळ्यांचे. मग तिथे जाऊन डुक्कर मारले तर बिघडले काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. कायद्याचे उत्तर सरळ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर अधिकाऱ्याने कारणे नोंदवून लेखी परवानगी द्यायची, तीही ठरावीक क्षेत्रापुरती. पण धर्माचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. माझ्या मते इथे कोणाला मारले याइतकेच कुठे मारले यालाही महत्त्व आहे. शेतात शिरलेले जनावर हाकलणे, आणि दुसरा इलाजच उरला नाही तर मारणे, हा बचाव आहे. तेच जनावर जिथे राहते तिथे त्याला हुडकत जाणे ही शिकार आहे, आणि जमीन सार्वजनिक असल्याने तिला पुण्याई लाभत नाही.

शेतकऱ्याची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण अहिंसेवर बोलणारे बहुतेकदा तीच शेवटाला ठेवतात. रानडुकरांचा कळप रात्री येतो. भुईमुगाच्या ओळी नांगरल्यासारख्या उकरून शेंगा खातो, कणसांसाठी मका आडवा करतो, उसाची बुडाकडची कांडी फोडून रस चघळतो आणि चोथा तिथेच टाकतो. खातो त्याहून तुडवतो जास्त. बांधाला जुन्या साड्या बांधणे, फटाके लावणे, माळ्यावर बॅटरी घेऊन रात्र जागून काढणे हे सगळे उपाय शेतकरी करून बसलेला असतो. जनावर चार दिवसांत त्यालाही सरावते. ज्याचे वर्षभराचे पीक एका रात्रीत गेले त्याला दयेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही.

त्याचे उत्तर फलटणच्याच परंपरेत सापडते. या गावात जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग केले आहेत. मनात धरून, ठरवून केलेली ती संकल्पी. दळण-स्वयंपाकासारख्या घरकामात होणारी आरंभी. शेती-व्यापारात होणारी उद्योगी. स्वतःच्या आणि आपल्यांच्या रक्षणासाठी करावी लागलेली विरोधी. पहिली गृहस्थाने पूर्ण सोडायची, उरलेल्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. अहिंसा सर्वांत कडकपणे मानणाऱ्या धर्मानेही नांगर धरणाऱ्याला आणि राखण करणाऱ्याला संकल्पी हिंसेचा अपराधी ठरवले नाही. मात्र शिकार त्याने जुगार आणि चोरीच्या पंगतीला, सात व्यसनांत बसवली. यावर कोणी म्हणेल की डोंगरात जाऊन मारणारासुद्धा आपल्या शेताचेच रक्षण करतो. पण डोंगरातल्या ज्या डुकराला तो मारतो, तेच रात्री त्याच्या शेतात आले होते हे त्याला कसे कळले? एकाने केलेल्या नुकसानीची शिक्षा जातभाईला देणे माणसांत अन्याय ठरते. जनावराला तक्रार करता येत नाही म्हणून ते न्याय होत नाही.

फलटण महानुभावांची दक्षिण काशी, आणि ‘लीळाचरित्रा’तली सशाची लीळा इथल्या भाविकांना ठाऊक आहे. पाठलागाने दमलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. पारधी तो मागतात. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, असे स्वामी सांगतात. ससा निष्पाप आहे किंवा सुंदर आहे असा युक्तिवाद तिथे नाही. तो आसऱ्याला आला, एवढेच कारण पुरते. हे तत्त्व रानडुकराला लावले तर वराह अवताराची आठवण काढण्याचीही गरज पडत नाही. शेतकऱ्याच्या मालकीचे शेत हे त्याचे पोट आहे, तिथे त्याने राखण करावी. पण जी जमीन कोणा एकाची नाही, जिथे कोणी पेरले नाही, तिथेच जनावराला आसरा उरला आहे. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांना मारायला मोकळी, असा अर्थ लावला तर आसरा म्हणून काही राहतच नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा. वाघ-लांडगे घटले, डुकरे वाढली, तेव्हा माणसानेच त्यांची जागा घ्यावी, असे म्हणतात आणि अमेरिकेचा दाखला देतात. तिथे अनेक राज्यांत सरकारी जमिनीवर रानडुकरांची शिकार खुली आहे. पण तिथले डुक्कर सोळाव्या शतकात युरोपियनांनी नेलेले, तिथल्या रानाला परके. आपले डुक्कर इथलेच आहे. भीमबेटकाच्या गुहाचित्रांतही ते दिसते. त्याच्या उकरण्याने माती हलते, आणि ते बिबट्याचे व लांडग्याचे भक्ष्य आहे. संख्या खरोखर हाताबाहेर गेली तर ती मोजून, कारण देऊन, जबाबदार यंत्रणेने कमी करावी. केंद्राने बिहार आणि उत्तराखंडात 2015-16 मध्ये ठरावीक भागांसाठी तशी मुभा दिली होती. ज्याला वाटेल त्याने तारेचे फास आणि गावठी बॉम्ब घेऊन रानात जाणे हा नियंत्रणाचा मार्ग नव्हे. फास डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. मे 2020 मध्ये केरळात स्फोटक भरलेले फळ खाऊन गाभण हत्तीण मेली. असे सापळे तिथे डुकरांसाठी लावले जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. फासेपारध्यांसारख्या समाजांचे पोटच शिकारीवर होते. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तर त्यांचेच अधिकारी घोड्यावरून भाल्याने डुकरे मारण्याला मर्दानी खेळ म्हणत होते. भुकेपोटी मारणारा गुन्हेगार आणि करमणुकीसाठी मारणारा साहेब, ही उलटी नीती आपण पुढे चालवता कामा नये. भुकेची हिंसा खेळाच्या हिंसेहून निश्चित कमी दोषाची आहे. पण त्याचा न्याय पारध्याच्या मुलाला जमीन, शाळा आणि काम देऊन करायचा, की माळावरचे उरलेसुरले जनावर त्याच्या वाट्याला टाकून? दुसरा मार्ग स्वस्त आहे, म्हणूनच तो संशयास्पद आहे.

राहिला ऊस. डुक्कर आता उसातच राहते, तेव्हा शेत आणि आसरा यांची सीमा कुठे राहिली, असे विचारता येईल. ती पुसट झाली हे मान्य. पण ती पुसली कोणी? माळ फोडून कालव्याच्या पाण्यावर दाट ऊस आपण वाढवला. त्यामुळे जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची नाही. रानात डुक्कर राहावे असे समाजाला वाटत असेल, तर त्याची किंमत एका बांधावरच्या माणसाने मोजायची ही रीत अधर्माची आहे. दुसऱ्याच्या पिकावर पोसलेली दया ही दया नव्हे. पंचनामा वेळेवर, भरपाई नुकसानीएवढी, कुंपणाला अनुदान आणि खरी गरज असेल तिथे परवानगीचा निर्णय विनाविलंब, एवढे समाजाने केले तरच शेताच्या बांधापलीकडे पाठलाग करू नकोस, असे शेतकऱ्याला सांगण्याचा नैतिक अधिकार समाजाला मिळतो.