सर्जा आणि ऑक्सिजन

१९७२ च्या दुष्काळात आमचा सर्जा बैल गेला. मी तेव्हा आठ वर्षांचा. शाळेतून आलो तर दावण रिकामी. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "आत्याच्या गावाला धाडलाय. तिकडं नदीकाठी हिरवा चारा हाय." मी चार वर्षं त्या चाऱ्याच्या भरवशावर होतो. मग एका लग्नाला आत्याकडं जाणं झालं. पहिल्यांदा गोठ्यात गेलो. सर्जा तिथं कधी पोचलाच नव्हता. बाजारातून तो कुठं गेला असेल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढे तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवू लागलो. अकरावीला येणाऱ्या पोरांच्या डोक्यात अणूचं एकच चित्र असतं. मधे केंद्रक आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन, खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांसारखे. ते पुसावं लागतं. इलेक्ट्रॉनला अशी ठरलेली वाट नसते. तो कुठं सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. त्या जागेला आम्ही ऑर्बिटल म्हणतो.

एका वर्षी ऑक्सिजनचा रेणू शिकवला. फळ्यावर ठिपके काढले. दोन अणू, प्रत्येकानं दोन-दोन इलेक्ट्रॉन सामाईक ठेवले, सगळ्यांच्या जोड्या लागल्या, एकटं कुणी नाही. आठवड्यानं सांगितलं की उणे १८३ अंशांना ऑक्सिजनचं फिकट निळं पाणी होतं आणि ते चुंबकाच्या दोन टोकांमधे ओतलं तर तिथंच धरून राहतं. हे मी स्वतः कधी पाहिलेलं नाही, आमच्या प्रयोगशाळेत साधा बर्फही नसायचा. पण असं व्हायला जोडी नसलेले इलेक्ट्रॉन लागतात. ते आले कुठून?

याचं उत्तर हुंड आणि मुलिकेन यांनी १९२७ च्या सुमारास मांडलेल्या विचारात आहे. अणू एकत्र आले की ऑर्बिटलं एकेकट्या अणूची राहत नाहीत, सबंध रेणूची होतात. दर दोन मिळून दोनच: एक खालच्या ऊर्जेचं, बांधणारं, दुसरं वरच्या ऊर्जेचं, बंध सैल करणारं. इलेक्ट्रॉन खालून भरत जातात. ऑक्सिजनचे शेवटचे दोन उरतात, आणि वर सारख्या ऊर्जेची, सैल करणारी दोन ऑर्बिटलं असतात. दोघं एकेकात, एकेकटे राहतात. चुंबक धरतो ते त्यांच्यामुळं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "म्हंजे सर, मागल्या आठवड्यात तुम्ही खोटं शिकवलं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढं ती रिकामी दावण उभी राहिली.

ठिपक्यांचं चित्र अगदीच वाया गेलेलं नाही. त्यातही ऑक्सिजनचे बंध दोनच येतात आणि मुलिकेनच्या हिशेबातही दोनच. पोराला सगळं एका दमात पेलत नाही, हेही खरं. मग अर्धं सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? मला वाटतं, नाही. पण अर्धं आहे हे लपवलं, की त्याचं खोटं होतं. आप्पा म्हणाले असते, "सर्जा गेला. बाकीचं मोठा झालास की सांगीन," तर मी रात्रभर रडलो असतो. पण पुढं त्यांच्या प्रत्येक शब्दाला आतून टोचून बघायची सवय मला लागली नसती. ती शेवटपर्यंत गेली नाही. आणि दारात चारा नसताना त्यांनी दुसरं काय करायचं होतं, हे मीही त्यांना कधी विचारलं नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, "खोटं नव्हतं बाळ, अर्धं होतं. पण अर्धं आहे हे मी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

तेव्हापासून ठिपके काढायच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो : 'हे चित्र पुढं बदलणार आहे.' ऑर्बिटलं शिकवतानाही ते पुसत नाही.