सुईची भीती

आमच्या कारंज्यात, आणि साऱ्या वऱ्हाडातच, एक समज घट्ट बसला आहे : गाठीला सुई टोचली, चाकू लावला की ती अंगभर पसरते. या धाकानं कितीतरी बाया स्तनातली गाठ महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत.

तपासणीच्या सुईनं गाठ अंगभर पसरते, याला पुरावा नाही. कर्करोगाच्या पेशी सुईची वाट पाहतच नाहीत. त्या आपणहून सुटून रक्तात उतरतात. तिथं मात्र त्यांचे हाल होतात. एकमेकींना धरून वाढलेल्या या पेशींना वाहतं रक्त घासत जातं, शिरांत कमी, धमन्यांत कितीतरी जास्त. केशवाहिन्या तर बहुतेक कर्कपेशींहून अरुंद. या रेट्यात बहुतेक पेशी फाटतात, मरतात. दहा हजारांत जेमतेम एखादी दुसरीकडे गाठ धरते, असा प्रयोगांवरून काढलेला अंदाज आहे. आपलं रक्त आपल्या बाजूनं लढतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या रेट्यातून उरते ती पेशी चिवट असते. प्लेटलेट्सचं पांघरूण घेऊन ती प्रवाहाचा मारा चुकवते. २०२२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना तर वेगळंच दिसलं : भोवतालचा द्रव दाट झाला की कर्कपेशी मंदावत नाहीत, उलट वेगानं सरकतात, आणि तो वेग नंतरही टिकवतात. गाठ जितके दिवस अंगात, तितक्या जास्त पेशींना पसरण्याची संधी.

शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी सुटत असतील, ही शंका मुंबईच्या टाटा मेमोरियलनं झटकून टाकली नाही. तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी घेतली. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच स्वस्त औषध. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन न टोचलेल्यांत ८६.४ टक्के, तर टोचलेल्यांत ९०.१ टक्के होतं. गाठीभोवती टोचलेल्या सुईनंच हे केलं!

तपासणीसाठी दूर जावं लागतं, ही अडचणही आता उरली नाही. समृद्धी महामार्गामुळे नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आता सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतकं जवळ आलं आहे. घरातल्या काकूला, वहिनीला, सोबत नाही म्हणून अडून बसलेल्या शेजारणीला कुणीतरी गाडीत बसवून न्यायला हवं, याच आठवड्यात.