देव बघून घेईल

माउली, बांधावरून भांडण झाले, भाऊबंदाने चारचौघांत शिव्या दिल्या, की आपण गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणतो, ‘देव बघून घेईल.’ ऐकणाऱ्याला वाटते, किती क्षमाशील माणूस! पण आपल्या मनाला विचारून पाहा, देवाने नेमके काय बघून घ्यावे? त्याची विहीर आटावी, त्याच्या पोरीचे ठरलेले लग्न मोडावे! म्हणजे सूड सोडलेला नाही, तो पांडुरंगाकडे सोपवला आहे. कटेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाच्या हाती आपण काठी द्यायला निघालो आहोत.

देहूच्या मंबाजी गोसाव्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो. एकादशीला प्रदक्षिणा घालणाऱ्यांच्या पायांत रुतू नयेत म्हणून तुकोबांनी वाटेवरचे काटे बाजूला केले आणि मंबाजीने काटेरी फोकांनीच त्यांना झोडपले. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण खरी कथा पुढेच आहे. रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना. बोलावणे पाठवले, तर अंग दुखते म्हणून तो येईना. तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्याकडे गेले. मारून मारून दमला असशील, म्हणत त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. त्यांची पाठ दुखत नव्हती थोडीच! पण हरीच्या जागराला एक माणूस कमी आहे, हे त्यांना पाठीपेक्षा जास्त सलले.

राग येतोच. तो सांगायचा तर विठोबालाच सांगावा. तुकोबा त्याच्याशी किती भांडले, ते गाथेत जागोजाग सापडते. ‘देवा, मला लागले आहे, हे जळणे थांबव,’ एवढे म्हणावे. समोरच्याची शिक्षा त्यात घालू नये. कीर्तनाच्या शेवटी आपण पसायदान म्हणतो. ज्ञानोबांनी त्यात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाईटपणा जावा एवढेच मागितले आहे.

म्हणून बांध सोडून द्या, असे मी म्हणत नाही. सरकारी मोजणी आणा, दगड रोवा. हक्काचे मागण्यात कसले पाप? फक्त त्या दगडाशी रोज उभे राहून जुना शब्द उगाळू नका.

वारीत आपण अनोळखी माणसाच्या पायांना सहज हात लावतो. ते सोपे असते, त्याने आपला बांध कोरलेला नसतो. बांध कोरणारा मागच्याच दिंडीत चालत असेल. त्याच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. संध्याकाळी मुक्कामाला त्याच्या तंबूवर जा आणि पाय फार दुखतात का, एवढे विचारून या.