किल्ली पुसलेला बोर्ड

शास्त्रभाग : लूक 15:8-10

आमच्या उज्जैनात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे बंद सर्किट बोर्ड नेला, तर तो आधी धूळ पुसतो, सुटलेला डाग पुन्हा देतो. पण जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 पासून नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांसाठी काढलेला सीपीएस-2 बोर्ड एवढ्याने जागा होत नाही. त्यातील खेळ सांकेतिक लिपीत लिहिलेला असतो, आणि ती उलगडणारी किल्ली एका लहानशा बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. पडद्यावर नुसता एक रंग उरतो. लोक म्हणत, बोर्ड मेला. वास्तविक खेळ आत जसाच्या तसा असतो! 2016 साली काही धडपड्या मंडळींनी ती किल्ली पुन्हा भरण्याची रीत शोधली, आणि कपाटात टाकून दिलेले बोर्ड चालू होऊ लागले.

दाखल्यातील नाणे हरवले तरी नाणेच होते. म्हणून त्या बाईने दिवा लावला, घर झाडले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या जुन्या हजेरीपटात रेघ मारलेले एखादे नाव असेल. त्या मुलाने दहाव्या वर्षी पाठ केलेली वचने कुठे गेली असतील? त्याच्या घरी मंडळीतले शेवटचे कोण आणि केव्हा गेले होते?