बिलीची बहीण

आवडत्या मालिकेचा शेवट फसला की आपण लेखकांना नावं ठेवतो आणि दुसरं काहीतरी लावतो. 'चार्म्ड'च्या शेवटच्या भागाबाबत मला ते जमलेलं नाही. तो भाग कंटाळवाणा मुळीच नाही. सगळं गोड करून संपतो, आणि माझं भांडण त्या गोडव्याशीच आहे. तुम्हाला ही मालिका अजून पाहायची असेल तर इथेच थांबा, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला मुद्दा मांडता येणार नाही.

१९९८ ते २००६ अशी आठ वर्षं चाललेली ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या प्रू, पायपर आणि फीबी या चेटकीण बहिणींची. (चेटकीण म्हटलं की आपल्याला वाटतं तसं इथे काही नाही. या बायका नोकऱ्या करतात, जुन्या घराच्या दुरुस्तीवरून वाद घालतात आणि मधल्या वेळात राक्षस मारतात.) त्यांना एक नियम असतो: जादू स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही. वापरली तर ती उलटते.

हा नियम म्हणजे मालिकेचा कणा होता. दुसऱ्या सीझनमधला १९९९चा एक भाग आठवा. शेजारी कुत्र्याची घाण यांच्या दारात तशीच सोडतो म्हणून बहिणी जादूने त्याची खोड मोडतात. मग भविष्यात, म्हणजे २००९ साली, फीबीला जिवंत जाळण्याची शिक्षा झालेली दिसते. तिने जादूने एका माणसाला मारलेलं असतं. तो खुनी होता, तिच्याच मैत्रिणीचा. बहिणी तिला सोडवायला जातात आणि ती नको म्हणते. मी चुकले, ही शिक्षा माझी आहे. नंतर त्या वर्तमानात परततात हे खरं, पण आपण परत जाणार आहोत हे फीबीला आगीत उभी राहताना माहीत नसतं. म्हणून तो भाग टिकतो.

२००१मध्ये प्रू मेली. पायपरने रात्ररात्र मंत्र म्हणून पाहिले. ती परत आली नाही. पुढे पायपर तिच्या थडग्यापाशी उभी राहून मेलेल्या बहिणीवरच संतापते, मला सोडून गेलीसच कशी म्हणून. शोक असाच असतो, बराचसा राग मिसळलेला.

आता २००६चा शेवटचा भाग. आदल्या भागातल्या स्फोटात फीबी आणि नंतर सापडलेली सावत्र बहीण पेज मरतात. पायपर वाचते. तिला एक अंगठी मिळते, जिने काळात मागे जाता येतं. ती जाते आणि दोघींना वाचवते.

इथे मी पायपरला दोष देणार नाही. आपण सगळे घरापासून हजारो मैलांवर राहतो. माझे आजोबा गेले तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, आणि घरी पोचले तोवर दहावा उरकला होता. तशी अंगठी मला मिळाली असती तर मी कुठलाही नियम न विचारता बोटात घातली असती. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की बुडणाऱ्या बायकोला वाचवताना 'हे नीतीला धरून आहे ना' असा विचार ज्याला करावा लागतो, त्याने एक विचार जास्तच केला. मला ते पटतं.

पण तिथे बिलीही असते. बिली या बहिणींची शिष्या. तिची बहीण क्रिस्टी हिला लहानपणीच राक्षसांनी पळवून नेऊन वाढवलेलं. ती दुष्ट झाली ती अशी. त्याच स्फोटात क्रिस्टीही मेलेली असते, आणि तिला वाचवायला बिलीही काळात मागे जाते. म्हणजे दोघींची मागणी एकच आहे: माझी बहीण परत द्या. क्रिस्टी आगीचा गोळा फेकते, बिली तो आपल्या शक्तीने उलटा फिरवते, आणि क्रिस्टी बिलीच्याच हातून मरते.

त्यानंतर काय दाखवतात? लग्नं. मुलं. नातवंडं.

आपल्याकडची संजीवनीची गोष्ट अशी हात झटकून मोकळी होत नाही. कचाला जिवंत करायचं तर शुक्राचार्यांचं पोट फाटणार. देवयानीला बाप हवा की प्रियकर हे ठरवायची वेळ येते. दोघेही जगतात, पण गुरूच्या पोटातून आलेला कच आता तिचा भाऊ ठरतो, आणि ती त्याला शाप देते. कुणी काय गमावलं ते श्रोत्याला कळतं. 'चार्म्ड'मध्ये पायपरची भरपाई होते, आणि किंमत दुसऱ्याच घरातली मुलगी मोजते. नियम मोडला याचं मला तितकं वाईट वाटत नाही. बिलीच्या दुःखाला दोन मिनिटंही मिळाली नाहीत, त्याचं वाटतं.

आणि प्रू? ती अंगठी बहिणींच्या तरुणपणीच्या आईपर्यंत मागे पोचते. प्रूसाठी कुणी ती फिरवत नाही. अभिनेत्री मालिकेत उरली नव्हती, हे कारण मलाही ठाऊक आहे. पण पायपरला ते ठाऊक नाही.

शेवटच्या दृश्यात म्हातारी पायपर नवऱ्यासोबत जिना चढते आणि तिची नात हात न लावता घराचं दार बंद करते, पहिल्या भागात प्रूने केलं होतं तसंच. दृश्य सुंदर आहे. मी मात्र अजूनही त्या दिवसाच्या रात्रीशी अडले आहे: सगळे आपापल्या माणसांना बिलगले असतील, तेव्हा बिली कुठे गेली, आणि क्रिस्टीची खोली कुणी आवरली?