एकट्याची भक्ती आणि मंडळी



आपल्या खेड्यांतून फिरताना एक प्रश्न पुष्कळदा कानी येतो. तो करणारे लोक अविश्वासी नसतात. कित्येक तर मोठे प्रार्थनाशील असतात. ते म्हणतात, “पाळकसाहेब, शास्त्र घरी आहे, प्रार्थना घरी होते, उपदेश तर आता मोबाईलवरही ऐकावयास मिळतो. मग उपासनेसाठी कुहीपर्यंत कशाला यावयाचे? येऊन पाहावे तो कोणी हिशेबावरून भांडतो, कोणी दुसऱ्याची जुनी जात अजून मनात धरून बसतो. त्यापेक्षा एकट्याने प्रभूचे नाव घेतलेले बरे नव्हे काय?”

हा प्रश्न झिडकारण्याजोगा नाही. मंडळीतील ही दुखणी खरी आहेत, व झाकल्याने ती बरी होणार नाहीत. तथापि विचार करावयाचा तो असा की, एकट्याला विश्वास ठेवता येतो हे मान्य केले, तरी एकट्याला विश्वासात वाढता येते काय?

शौलाकडे पाहा. दिमिष्काच्या वाटेवर प्रभू स्वतः त्याच्याशी बोलला. ह्याहून मोठे दर्शन कोणते? परंतु त्याची गेलेली दृष्टी परत आली ती तीन दिवसांनंतर, आणि तीही हनन्या नावाच्या एका भ्यालेल्या शिष्याच्या हातून. प्रभूला वाटेवरच त्याचे डोळे उघडता आले नसते काय? आले असते. पण ज्यांचा छळ करावयास शौल निघाला होता, त्यांच्यापैकीच एकाने त्याच्यावर हात ठेवून त्याला भाऊ म्हणावे, अशी प्रभूची इच्छा होती.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले आहे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. तो त्यांनी आपला आपण वाचला, मनाशी झगडा केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तेव्हाही सोवळेओवळे बरोबर घेऊनच आल्या. ते सुटले ते ख्रिस्ती माणसांच्या शेजारात दिवसामागून दिवस काढल्यावर, हळूहळू. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे. वादात कोणी त्यांना जिंकले असते असे मला वाटत नाही.

टिळकांची गोष्ट येथेच संपत नाही. मंडळीचे परदेशी वळण त्यांना खुपत असे, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते बाहेर पडले. आता आमचा प्रश्नकर्ता म्हणेल, “पाहा, टिळकांनाही मंडळी नकोशी झाली!” पण बाहेर पडून त्यांनी काय केले? रानात जाऊन एकट्याने भजन आरंभिले नाही. त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी ती बंधुता होती. ज्याला मंडळीचे दोष आपणा सर्वांहून अधिक दिसले, त्यालाही बंधूंवाचून चालेना.

ह्याचे कारण गहन नाही. प्रीती, क्षमा, सहनशीलता ही जी आत्म्याची फळे, ती धरावयास दुसरा मनुष्य लागतो. आणि तोही आपण निवडलेला नव्हे. ज्याने माझे काही बिघडविलेच नाही, त्याला मी क्षमा कशाची करणार? मोबाईलवरील उपदेशक फार चांगले बोलतो, परंतु तू भावाचे पैसे अजून का दिले नाहीस, हे तो विचारीत नाही. आपल्या मंडळीतील म्हातारी विचारते. म्हणूनच ती आपणांस नकोशी वाटते!

धानाच्या बांध्या आपण रोज पाहतो. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. मधल्याने बांध फोडू दिला नाही तर खालच्याचा रोवणा वाळतो. आपल्या एकट्यापुरते पाणी अडवून धरणारा शेतकरी आपणांस आवडत नाही. मग कृपेच्या बाबतीत तसे वागणे शोभते काय?

आणि शेजार म्हणजे काय, हे कुही तालुक्याला नव्याने शिकवावयास नको. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे वैनगंगेकाठची गावे उठली. घराचा मोबदला ठरविता येतो, झाडांचा ठरविता येतो. पण रात्री हाक मारताच धावून येणाऱ्या शेजाऱ्याचा मोबदला कोणत्या कचेरीने दिला? जे गमावल्याचे दुःख आपण अद्याप सांगतो, तेच मंडळीत असताना आपखुशीने टाकून द्यावे, हे मला नवल वाटते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ते मोठे काम झाले. परंतु कागदावरील ऐक्य निराळे, आणि एका सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसतो ते निराळे. जो भाऊ जातीच्या कुजबुजीने दुखावून घरी बसला, त्याला ‘मंडळीत ये’ असे सांगण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच, जेव्हा ती कुजबुज आपण बंद पाडू.

उपदेशकबंधूंनी येथे थोमाची गोष्ट ध्यानात घ्यावी. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो इतरांबरोबर नव्हता, आणि त्यांची साक्षही त्याने मानली नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला आढळतो. त्यांनी त्याला हाकून दिले नाही, व तोही रुसून दूर राहिला नाही. आणि प्रभू त्याला भेटला तो त्या मंडळीतच. म्हणून कोणी चार रविवार दिसला नाही, तर त्याचे नाव गैरहजेरीत मांडण्यापूर्वी त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, पिकाची विचारपूस करावी, मग प्रार्थना करावी.

ज्या गावी ख्रिस्ती घर एकच आहे, त्यांनी तर प्रवासाचा भार एकट्याने का वाहावा? पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, वाट तुटते. अशा घराकडे महिन्यातून एकदा पाचसहा जणांनी जावे व उपासना त्यांच्याच ओसरीवर करावी. शेजारचे लोकही ओट्यावर येऊन बसतील, बसू द्यावे. भाकरी मात्र आपली आपण बांधून न्यावी. पाचसहा पाहुण्यांचा स्वयंपाक एकाच घरावर पडू नये.